पहिल्यांदा पाहण्याचा हक्क

१९९९ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं अमेरिकी पडद्यावरच्या थोर नटनट्यांची यादी जाहीर केली. नटांमध्ये पहिलं नाव हम्फ्री बोगार्टचं होतं, नट्यांमध्ये कॅथरीन हेपबर्नचं. या दोघांनी एकत्र केलेला चित्रपट एकच, १९५१ चा ‘द आफ्रिकन क्वीन’. बोगार्टला त्याचं एकमेव ऑस्कर याच चित्रपटानं मिळवून दिलं. त्याच संस्थेनं १९९८ साली निवडलेल्या शंभर चित्रपटांमध्ये तो सतरावा होता आणि १९९४ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला होता. एवढा मान मिळालेल्या चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी अमेरिकेत निघायला मात्र २०१० साल उजाडलं. डीव्हीडी तिथं १९९७ पासून विकल्या जात होत्या. जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, परदेशात काही डिस्कही निघाल्या होत्या. पण ज्या देशानं त्याला आपला वारसा म्हणून नोंदवलं, तिथं एक अख्खी पिढी तो नीट न पाहताच मोठी झाली.

हा चित्रपट मी अलीकडे पहिल्यांदा पाहिला. नाव कित्येक वर्षं ऐकून होतो, बोगार्टच्या टोपीचा फोटो पाहिलेला होता, आणि ‘अभिजात’ म्हटलं की मनात जी एक आदरयुक्त टाळाटाळ सुरू होते तीही भरपूर केली होती. पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे वाटू लागली. जुना चित्रपट पहिल्यांदा पाहायला मिळणं ही हक्कधारकाच्या मर्जीवर सोडायची बाब नाही. तो प्रेक्षकाचा हक्क आहे. ज्याच्याकडे चित्रपटाची मालकी आहे, त्याच्यावर तो पाहण्याजोगा ठेवण्याचं बंधन हवं, आणि कायद्यानं हवं.

असं का वाटलं, ते सांगायचं तर आधी चित्रपटाबद्दल बोलायला हवं. शेवट मी सांगणार नाही.

साल १९१४. जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात रोझ सेयर ही इंग्रज बाई आपल्या मिशनरी भावाचं घर आणि प्रार्थनागृहातलं वाद्य सांभाळते आहे. चार्ली ऑलनट हा दाढी वाढलेला मेकॅनिक एका जुनाट वाफेच्या नावेतून टपाल आणि सामान पोचवतो. युद्ध सुरू होतं, जर्मन सैनिक खेडं जाळतात, भाऊ त्या धक्क्यानं जातो. उरतात ती दोघं आणि ती नाव. रोझ ठरवते की नदी उतरून खालच्या सरोवरापर्यंत जायचं आणि तिथं पहारा देणारी ‘लुइझा’ ही जर्मन युद्धनौका बुडवायची. नावेवर प्राणवायूची नळकांडी आहेत, खाणीची स्फोटकं आहेत, त्यांचे पाणतीर करता येतील असं तिच्या डोक्यात येतं. चार्लीला हा वेडेपणा वाटतो, आणि तो आहेही.

साहसपटात एवढं पुरतं. मला बांधून ठेवलं ते मात्र त्यातल्या कामानं. या दोघांचं प्रेम जमतं ते चांदण्यात किंवा गाण्यात जमत नाही, बॉयलरच्या धगीत आणि चिखलात जमतं. पहिला खळाळ पार होतो तेव्हा रोझच्या हातात सुकाणू असतं. चार्ली वाट पाहत असतो की आता ही घाबरून परत फिरू म्हणेल. तिचा चेहरा मात्र उजळलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदाच शरीराला काहीतरी थरारक जाणवलंय, हे ती भाबड्या आश्चर्यानं बोलून दाखवते. तिथून पुढे ती वेगळी बाई आहे, आणि त्या बदलासाठी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टननं कुठलंही भाषण तिच्या तोंडी घातलेलं नाही.

पुढे नावेचा पंखा तुटतो, दांडा वाकतो. किनाऱ्यावर भट्टी पेटवून, पाण्याखाली बुड्या मारून ती दोघं तो दुरुस्त करतात. हे सगळं सविस्तर दाखवलंय. आजचा एखादा दिग्दर्शक हे चार झटपट दृश्यांत आणि संगीताच्या एका तुकड्यात उरकेल. ह्यूस्टन उरकत नाही, म्हणून नाव पुन्हा चालू लागते तेव्हा आपणच काहीतरी दुरुस्त केल्यासारखं वाटतं. मग येतो जळवांचा प्रसंग. लव्हाळ्यांत अडकलेली नाव ओढायला चार्ली पाण्यात उतरतो आणि अंगभर जळवा घेऊन वर येतो. किळसेनं थरथरतो. जळवा निघतात, आणि आता पुन्हा पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नाही हे त्याच्या ध्यानात येतं. तो क्षणभर पाण्याकडे पाहतो आणि उतरतो. इतर चित्रपटांत बोगार्टनं कणखर, थंड पुरुष रंगवले. इथं तो भित्रा आहे, बडबड्या आहे, माकडांच्या आणि पाणघोड्यांच्या नकला करतो. पाण्याकडे पाहणारा त्याचा तो चेहरा मात्र कुठल्याही कणखर पुरुषापेक्षा जास्त धीराचा वाटतो.

एक बारीक गोष्ट मला फार आवडली. जवळ आल्यानंतरही रोझला त्याचं पहिलं नाव ठाऊक नसतं. तोवर तो तिच्यासाठी ‘मिस्टर ऑलनट’च असतो. ती प्रेमानं त्याला नाव विचारते. एकत्र मृत्यूच्या तोंडातून बाहेर आलेली दोन माणसं ओळखीचा पहिला प्रश्न मागाहून विचारतात, आणि ते अजिबात खोटं वाटत नाही.

चित्रीकरण झालं तेव्हा बोगार्टनं पन्नाशी ओलांडली होती, हेपबर्न चव्वेचाळीस वर्षांची होती. पडद्यावर दोघंही आपलं वय लपवत नाहीत. घामेजलेल्या, कीटकांनी चावलेल्या, थकलेल्या चेहऱ्यांवर प्रेम दिसतं, आणि ते बघताना एवढ्या साध्या गोष्टीला आपण किती मुकलो आहोत हे ध्यानात येतं. प्रेम ही पंचविशीतल्या देखण्या माणसांचीच मक्तेदारी आहे असं पडद्यानं आपल्याला इतकं पढवलंय की चाळिशी ओलांडलेल्या बाईला पहिल्यांदा प्रेम झालेलं पाहणं आज बंडखोरीसारखं वाटतं. हेपबर्ननं पुढे लिहून ठेवलंय की सुरुवातीला ती रोझला फारच गंभीर करत होती, तेव्हा ह्यूस्टननं तिला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट जखमी सैनिकांना भेटायला जाताना कशा हसत, ते आठवायला सांगितलं. ती सूचना पडद्यावर दिसते. रोझ संकटात हसते, आणि त्या हसण्यात शिस्त आहे.

यातलं काहीही मला आधी सांगून कळलं नसतं. यादीतला क्रमांक, ऑस्कर, थोरामोठ्यांची शिफारस, यांतून चित्रपटाबद्दल आदर निर्माण होतो, ओढ निर्माण होत नाही. ओढ निर्माण होते ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर. खळाळातल्या काही दूरच्या दृश्यांत नाव ही छोटी प्रतिकृती आहे हे आज लगेच दिसतं. तेही मला स्वतः पाहून ठरवता आलं, आणि तरीही चित्रपट टिकतो हेसुद्धा स्वतःच ठरवता आलं. प्रत्येक पिढीनं जुन्या कलाकृतीचा निवाडा नव्यानं करायचा असतो, आणि त्यासाठी ती कलाकृती समोर असावी लागते.

हा निवाडा सगळा गोड होणार नाही, आणि या चित्रपटाबाबत तर नाहीच. सुरुवातीलाच प्रार्थनागृहात आफ्रिकी गावकरी आहेत. त्यांना न जमणारं प्रार्थनागीत हा तिथला विनोद आहे. चार्लीनं फेकलेल्या चिरुटासाठी झोंबाझोंबी करणारे तेच आहेत. मग खेडं जळतं, गावकऱ्यांना हाकलत नेलं जातं, आणि कथेला पुन्हा त्यांची आठवण होत नाही. स्वतःची इच्छा आणि स्वतःचे संवाद असलेलं एकही आफ्रिकी पात्र या आफ्रिकेच्या कथेत नाही. आफ्रिकेतलं चित्रीकरण जिथं झालं, तो काँगो तेव्हा बेल्जियमच्या आणि युगांडा ब्रिटनच्या ताब्यात होता, हेही विसरता येत नाही.

प्रत्यक्ष इतिहास तर याहून जड आहे. पूर्व आफ्रिकेतलं ते युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि दोन्ही बाजूंचं सैन्य आफ्रिकी हमालांच्या पाठीवर चाललं. रस्ते नव्हते, जनावरं त्से त्से माशीच्या चाव्यानं मरत, म्हणून दारूगोळा आणि धान्य माणसांच्या डोक्यावरून जाई. आजारानं आणि उपासमारीनं मेलेल्या या हमालांची संख्या लाखाच्या आसपास असावी असा अंदाज इतिहासकार मांडतात. कथेच्या मुळाशी असलेली सरोवरावरची मोहीमसुद्धा खरी घडली. १९१५ साली ब्रिटिशांनी ‘मिमी’ आणि ‘टूटू’ या दोन मोटारबोटी केप टाउनहून खुष्कीच्या मार्गानं टांगानिका सरोवरापर्यंत नेल्या, त्या रेल्वे, वाफेची इंजिनं, बैल आणि आफ्रिकी मजूर यांच्या बळावर. सरोवरावरची मोठी जर्मन नौका ‘ग्राफ फॉन ग्योत्सेन’ १९१६ मध्ये जर्मनांनीच माघार घेताना बुडवली. ब्रिटिशांनी ती १९२४ साली वर काढली आणि ‘लिएंबा’ या नावानं ती पुढे कित्येक दशकं त्याच सरोवरावर उतारू वाहत राहिली. या खऱ्या हकिकतीतही मजूर होते. चित्रपटानं ते गाळले.

मग असा चित्रपट दाखवावा का? दाखवावा, आणि पूर्ण दाखवावा. त्यातला सुरुवातीचा प्रसंग कापून टाकला तर चित्रपट सुधारत नाही, त्याचा पुरावा तेवढा नष्ट होतो. १९५१ मध्ये सुसंस्कृत, उदारमतवादी कलावंतांनाही काय दिसत नव्हतं, हे त्या प्रसंगाइतकं स्पष्टपणे दुसरं काही सांगत नाही. ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून तो प्रसंग माफ करणंही मला मान्य नाही. त्या काळीही आफ्रिकेत माणसं होती आणि त्यांना आपण माणसं आहोत हे ठाऊक होतं. २०२० च्या जूनमध्ये एका अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेनं ‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ चा चित्रपट त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावरून काही दिवस काढून घेतला आणि चित्रपटाच्या एका अभ्यासक प्राध्यापिकेची प्रस्तावना जोडून परत आणला. त्यावर दोन्हीकडून गदारोळ झाला. काढून घेणं चूक होतं. माहिती जोडणं योग्य होतं. माझी सूचना एवढीच की शक्य असेल तिथं अशी माहिती चित्रपटानंतर यावी, निदान तसा पर्याय तरी असावा. रोझचा उजळलेला चेहरा आधी पाहू द्या, मग हमालांबद्दल सांगा. दोन्ही खरं आहे, आणि आधी चित्रपटावर मन जडलेलं असेल तर मागून कळलेलं सत्य जास्त खोल जातं. मला ते तसंच कळलं.

‘पूर्ण’ या शब्दावर मी अडून बसतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते ह्यूस्टनशीच जोडलेलं आहे. १९८०च्या दशकात कृष्णधवल चित्रपटांना संगणकानं रंग चढवून विकण्याचा धंदा सुरू झाला. ह्यूस्टनच्या ‘द अस्फाल्ट जंगल’ या १९५० च्या चित्रपटालाही हक्क विकत घेतलेल्या कंपनीनं रंग दिले. ह्यूस्टननं आयुष्याच्या शेवटी याला कडाडून विरोध केला. १९८७ मध्ये तो वारला. त्याच्या वारसांनी फ्रान्समध्ये, जिथं ती रंगीत प्रत दूरचित्रवाणीवर दाखवायची होती, खटला लढवला आणि १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. चित्रपट विकत घेतला म्हणजे तो बदलण्याचा अधिकार मिळत नाही, हा त्याचा अर्थ. अमेरिकेतही याच वादातून १९८८ चा चित्रपट जतन कायदा आला आणि राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. रंग चढवणं आता मागे पडलं. पण जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेलं दृश्य रुंद पडद्यासाठी वरखाली कापणं, संथ प्रसंग दीडपट वेगानं पाहण्याची सोय देणं, हे त्याच जातीचं आहे. लव्हाळ्यांत अडकलेल्या नावेचा प्रसंग दीडपट वेगानं पाहिला तर त्यात काहीच उरत नाही, कारण न सरणारा वेळ हाच त्या प्रसंगाचा विषय आहे.

आता मालकीचा प्रश्न. ‘द आफ्रिकन क्वीन’ टेक्निकलरमध्ये चित्रित झाला. छायाचित्रणकार जॅक कार्डिफच्या त्या अवजड कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल फिती फिरत, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. यामुळे मूळ रंग विटत नाहीत. पण तीन फिती वर्षांगणिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि एकमेकींवर बसेनाशा होतात. इंग्लंडमध्ये राहिलेल्या मूळ निगेटिव्ह स्कॅन करून, तिन्ही फिती संगणकावर जुळवून २०१० ची प्रत तयार झाली. काम खर्चाचं आणि चिकाटीचं होतं, ज्यांनी केलं त्यांचे आभारच मानायला हवेत. पण हे झालं कारण ती निगेटिव्ह सुरक्षित होती आणि पैसे घालणारं कुणीतरी होतं. दोन्ही गोष्टी नशिबावर होत्या.

नशीब नसलं की काय होतं ते मूकपटांनी दाखवून दिलं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथं मूकपटांच्या काळात निघालेल्या जवळपास ११ हजार कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. १९३७ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या एका गोदामाला आग लागली आणि फॉक्स कंपनीच्या मूकपटांचा मोठा साठा एका दिवसात गेला. नायट्रेटच्या फिती पेटत होत्या हे खरं. पण त्यांच्या दुसऱ्या प्रती कुणी ठेवल्या नव्हत्या, कारण मालकांच्या लेखी त्या चित्रपटांची कमाई संपलेली होती.

आज फिती पेटत नाहीत. आज चित्रपट कराराअभावी दिसेनासे होतात. एका सेवेचा परवाना संपतो, दुसरी घेत नाही, डिस्क छापणं बंद होतं. कायदा मालकाला प्रचंड मुदत देतो: १९५१ मध्ये प्रदर्शित झालेल्या अमेरिकी चित्रपटाचा स्वामित्वहक्क, त्याचं वेळेवर नूतनीकरण झालं असेल तर, ९५ वर्षांचा आहे. एवढ्या काळात तो चित्रपट कुणाला दाखवावा अशी एकही अट मालकावर नाही. समाजानं पाऊण शतकाहून अधिक काळाची मक्तेदारी दिली, आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

बदल अशक्य नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या स्वामित्वहक्क निर्देशात बाजारात न मिळणाऱ्या कृती सार्वजनिक संग्रहालयांना आणि अभिलेखागारांना लोकांसमोर आणता येतील अशी तरतूद आहे. मालक आक्षेप घेऊ शकतो, पण त्यानं काही न करता बसून राहणं पुरत नाही. ही दिशा बरोबर आहे आणि ती सगळीकडे जायला हवी. ठरावीक वर्षं, समजा दहा, एखादा चित्रपट कुठल्याही कायदेशीर मार्गानं पाहायला मिळत नसेल, तर सार्वजनिक अभिलेखागाराला तो न कापता, न बदलता दाखवण्याची मुभा असावी. उत्पन्न झालं तर त्यातला वाटा मालकाला जावा. त्याची मालकी काढून घेतली जात नाही, तिच्यासोबत एक जबाबदारी येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मालमत्तेचा: माझी वस्तू मी कुलपात ठेवीन. घर, दागिना कुलपात ठेवला तर दुसऱ्याचं काही जात नाही. पण चित्रपटाची मालकी हीच कायद्यानं, लोकहितासाठी निर्माण केलेली गोष्ट आहे. लोकहिताची अट तिला परकी कशी? दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. प्रत्येक चित्रपट तीन फितींपासून नव्यानं उभा करायला कुणाचेच पैसे पुरणार नाहीत. म्हणूनच सक्ती दुरुस्तीची नको, अडवणूक न करण्याची हवी. जशी असेल तशी प्रत दाखवता आली तरी पुष्कळ आहे, कारण खराब प्रतीवर प्रेम करणारे प्रेक्षकच पुढे चांगल्या प्रतीची मागणी करतात. अनधिकृत प्रती सापडतातच, मग अडचण काय, असंही विचारलं जातं. त्या पुसट, कापलेल्या, चुकीच्या आकाराच्या प्रती पाहून कितीजण म्हणाले असतील की यात काय एवढं आहे? अशा वेळी चित्रपट हरतो आणि दोष प्रतीचा असतो.

आणि ‘पाहणार कोण’ हा प्रश्न. नवं पाहायलाच वेळ नाही, मग सत्तर वर्षांपूर्वीची नाव कोण पाहणार? मी हा प्रश्न गांभीर्यानं घेतो. थोडेच पाहतील. पण बोगार्ट आणि हेपबर्न यांचा एकत्र असलेला एकमेव चित्रपट, शंभरांच्या यादीतला सतरावा, तोही तेरा वर्षं अडून राहू शकतो, तर ज्यांत कुणी मोठा नट नाही, ज्यांना ऑस्कर नाही, ज्यांची नावंही कुठल्या यादीत नाहीत, अशा चित्रपटांसाठी कोण भांडणार? त्यांना मागणी नाही, कारण ते कुणी पाहिलेलेच नाहीत, आणि कुणी पाहिलेले नाहीत म्हणून मालक ते बाहेर काढत नाहीत. हे चक्र प्रेक्षकाला तोडता येत नाही. बाजाराला त्यात रस नाही. ते तोडण्याचं काम कायद्याचं आहे, आणि ते करायला लावण्याचं काम चित्रपटांवर जीव असलेल्या आपल्यासारख्यांचं आहे.